पंखातली ओटी

माय, कारखाना अकोल्याहून हलला. अमरावतीच्या बाहेर, नागपूर रस्त्याकडच्या औद्योगिक वसाहतीत नवी शेड उभी राहिली आहे. इतकी लांब आहे की या टोकाचा निरोप त्या टोकाला द्यायचा तर पोरं सायकल मारतात. आता विमानांचे पंख पूर्ण धातूचे, आणि इंजिन आपलं स्वतःचं, आपल्याच शेडमध्ये घडलेलं. तू असतीस तर आधी त्या गुळगुळीत फरशीवरून हात फिरवून म्हणाली असतीस, "इथं भाकर खायले बसाव तं कुठं बसाव?" नव्या नकाशात सगळ्यांना जागा आहे, शिवणखोलीला नाही. कापडाचे पंखच बनत नाहीत तर खोली कशाला, हे मला कळतं. त्या नकाशावर माझीही सही आहे. तुझ्याशी मी मनात बोलतेच, कणीक मळताना, गाडीवर सिग्नलला थांबले की. पण गेल्या काही आठवड्यांत जे घडलं ते असं जाता-येता सांगण्यातलं नाही, म्हणून लिहायला बसले. मी तुझ्यावर चिडले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे "काय झालं वं, तोंड काहून फुगवलं?" असं विचारायची पाळी तुझ्यावर यायला नको.

सुरुवात ताडपत्रीनं झाली. बाबा गेल्यावर तू अकोल्याच्या एका दुकानात दाभण घेऊन बसायचीस. ट्रकवरच्या ताडपत्र्या, जिनिंगमधल्या कापसावर टाकायच्या ताडपत्र्या, त्यांच्या कडा दुमडून शिवायच्या, तुझी बोटं कायम फाटलेली. आपल्या कारखान्याचे मालक तेव्हा शेतातली ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे आणि शेडच्या मागं नळ्या जोडून विमान बनवायचे. गावानं त्यांची काय टिंगल केली! याच्या विमानाले बैलं जुपा लागते, असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे. सांगाडा झाला होता, पण पंखावर कापड ताणलं की झोळ पडायचा. ते तुमच्या दुकानात ताडपत्री घ्यायला आले आणि ताडपत्री सोडून तुझी शिवण उलटीपालटी करून बघत बसले. मग म्हणाले, "बाई, विमान शिवता का?" तू वर न बघता विचारलंस, "त्याले बाह्या किती?" ते म्हणाले, दोन. "मंग शिवते." ही गोष्ट मालक आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसतात. मला वाटतं कारखान्याचा जन्म त्या दिवशी झाला, पण कारखान्याच्या माहितीपुस्तिकेत काही तसं छापलेलं नाही.

शिवणखोली म्हणजे काय, तर पत्र्याची एक खोली, मधोमध उभा केलेला पंख, या बाजूला तू आणि त्या बाजूला काकू. काकू आपल्या शेजारच्या गल्लीतल्या, तुझ्या हट्टामुळं कामावर घेतलेल्या. पंखाच्या आत बरगड्यांसारख्या फासळ्या असतात. तू मेण लावलेला दोरा ओवून लांब सुई आरपार खुपसायचीस, काकू पलीकडून ओढून घ्यायच्या आणि फासळीच्या दुसऱ्या अंगानं परत पाठवायच्या. मग तू गाठ मारायचीस. दिवसभर हेच. मध्ये पंख असल्यामुळं तुम्हाला एकमेकींची तोंडं दिसायची नाहीत, म्हणून की काय, जगातल्या सगळ्या गोष्टी तुम्ही तिथं बोलायच्यात. शिवून झालं की इस्त्री फिरवून कापड आवळायचं आणि वरून कापड ताठ ठेवणारा तो औषधी रंग. त्याचा वास तुझ्या लुगड्यांना कायमचा लागला होता. मी शाळेतून येऊन तुझ्या कुशीत तोंड घातलं की डोकं दुखायचं, तरी घालायची. मागच्या अंगणात मालकांचं इंजिन स्टँडवर बांधून सुरू असायचं. पहिली विमानं परदेशी इंजिनांवर उडाली, पण त्यांना स्वतःचं हवं होतं. ते धडधडायचं, तापायचं, मध्येच अडकून गप्प व्हायचं. गप्प झालं की तुम्ही दोघी सुई थांबवायच्या. काकू म्हणायच्या, "गेलं वाटते." मालक त्याच्यासमोर टोपी काढून उभे असायचे, घरचं माणूस गेल्यासारखे.

तयार पंख ट्रकनं अमरावतीच्या धावपट्टीला जायचे आणि तू त्यांच्यासोबत ड्रायव्हरच्या शेजारी बसून जायचीस. एकदा सुट्टी होती म्हणून मलाही नेलंस. मूर्तिजापूरच्या फाटकावर ट्रक थांबला आणि लोकांनी घेरला. कोणी म्हणे लग्नाचा मांडव आहे, कोणी म्हणे नाटकाचं सामान. एका म्हाताऱ्यानं पंखाला हात लावला तशी तू खाली उतरलीस. "हात नोका लावू बाप्पा, रंग वला हाये!" म्हातारा म्हणाला, "काय हाये पन हे?" तू इतक्या ताठ्यात सांगितलंस, "इमानाचा पख हाये. म्या शिवला." तुझा तसा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. तू बाबांच्या माघारी नातेवाइकांशी, दुकानदाराशी, मास्तरांशी खालच्या पट्टीत बोलायचीस. त्या फाटकावर मात्र गाडी जाऊन फाटक उघडेपर्यंत तू कमरेवर हात ठेवून उभी होतीस. मी ट्रकमधून बघत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

म्हणूनच ओटीच्या दिवशी माझं डोकं फिरायचं. विमान गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायच्या आधी त्याची ओटी भरायची पद्धत मालकीणबाईंनी पाडली. लेक सासरी निघाली, असं त्या म्हणायच्या. पुढच्या सीटवर नारळ, तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी. पुढच्या चाकाला हळदकुंकू. कारखान्यातल्या सवाष्णी एकेक करून यायच्या. तुला कोणी हाकललं नाही, मालकीणबाई तशा नव्हत्याच. त्या फक्त हळू आवाजात म्हणायच्या, "तुमी जरा मांगं थांबा बाई," आणि तू त्यांनी म्हणायच्या आधीच मागं सरकलेली असायचीस. मी तेव्हा अमरावतीला इंजिनीअरिंगला होते, कानात वारं शिरलेलं. एका ओटीला मी सगळ्यांसमोर बोलले, "हे विमान माझ्या मायनं शिवलं, ओटी पहिली तिनं भरायला पाहिजे."  तू माझं मनगट धरून मला शेडच्या मागं नेलंस. "तुले कोनं वकील केलं वं माही? त्या इमानात मानसं बसते. उद्या काही वरखाली झालं तं लोक काय म्हनतीन? रांडमुंड बाईचा हात लागला, म्हनून झालं, म्हनतीन. कारखाना बुडंन. तुले समजते का काही?" आणि मग डोळ्यांत पाणी आलेलं लपवायला तू मला म्हणालीस, "जाय, चहा पी." मला वाटलं, एवढी खमकी बाई, इथं मात्र हरली. मी तुझी कीव केली, माय. वर्षानुवर्षं केली.

तू गेलीस तेव्हा मालकांचं इंजिन अजून स्टँडवरच होतं. शेवटी दवाखान्यात तू त्यांना विचारलंस, "चाललं का?" ते म्हणाले, चालतंय, आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले, कारण ते त्या सकाळीच पुन्हा अडकलं होतं. पुढं ते चाललं. बरंच पुढं. धाकटे साहेब, म्हणजे मालकांचा मुलगा, शिकून परत आले, त्यांनी धातूचे पंख आणले, विमान शिकवणाऱ्या शाळांच्या ऑर्डरी आणल्या. एका शेडच्या तीन झाल्या आणि मग अकोला पुरेना. मी तपासणी विभागात लागले आणि आज तो विभाग माझ्याकडं आहे. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक विमानावर शेवटचा शब्द माझा. तुझ्या पोरीला लोक टरकून असतात, बरं का. मी येताना दिसले की पोरं हातातला चहा खाली ठेवतात.

धाकट्या साहेबांच्या मनात आलं की नव्या शेडच्या उद्घाटनाला आपलं पहिलं विमान नव्याच्या शेजारून उडवायचं. ते एका कोपऱ्यात झाकून ठेवलेलं होतं. उडवायचं तर जुनं कापड काढून नवं चढवणं आलं. तुझी शिवण उसवायची म्हटल्यावर मी तिथं हजर राहिले. शेडमधल्या एका पोरानं डाव्या पंखाचं कापड मुळापासून फाडत आणलं आणि थांबला. "मॅडम, आत काहीतरी बांधून हाये." पहिल्या फासळीला, अगदी मुळाशी, तपासणीच्या झाकणातून टॉर्च मारली तरी दिसणार नाही अशा जागी, हिरव्या खणाची एक पुडी. मेणाच्या दोऱ्यानं बांधलेली. गाठ बघितल्याबरोबर मला कळलं कोणाची ते. सोडली तर आत तांदूळ, हळकुंड, सुपारी. हळदीनं तांदळाचे दाणे पिवळे झालेले. पोरगा हसायला लागला आणि माझ्याकडं बघून उरलेलं कापड गुंडाळायला लागला. मी हातमोजे काढले आणि ती पुडी हातात धरून किती वेळ उभी होते, मला माहीत नाही. बाहेर सवाष्णी ओटी भरायच्या आधीच, आतून, सगळ्यांच्या आधी तू भरून मोकळी झाली होतीस. मला हसू आलं, अगं! वाटलं मूर्तिजापूरच्या फाटकावरची बाई परत भेटली.

आणि मग मी पुडी खाली ठेवली. कारण तू काही एकच विमान शिवलं नव्हतंस. तू शिवलेली विमानं आजही देशभर उडतात, शिकाऊ पोरापोरींना घेऊन. पंखाच्या आत मोकळी वस्तू राहणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात वाईट गुन्हा. साधा पाना आत राहिला तरी मी माणसाला घरी बसवते. मी धाकट्या साहेबांना सांगितलं, सगळ्यांना कळवावं लागेल, ती सगळी विमानं जमिनीवर उभी करून पंख उघडावे लागतील. त्यांनी कॅलेंडर पुढं ओढलं. उद्घाटन तोंडावर, नव्या ऑर्डरी सह्यांवर आलेल्या. मालक खुर्चीत बसून ऐकत होते. ते म्हणाले, "पोरी, इतके वर्षं उडून राहिले ना? काही झालं का? तिनं बांधलं म्हनजे पक्कंच बांधलं असंल. राहू दे ना." ते तुझ्या प्रेमापोटी बोलत होते, कारखान्यापोटी नाही, मला ते दिसत होतं. म्हणून तर जास्त अवघड गेलं. मी मालकांना म्हणाले, "काका, माझ्या मायच्या जागी दुसरी कोणी असती तर मी काय केलं असतं?"  सगळ्या गिऱ्हाइकांना पत्र त्याच दुपारी गेलं. तुझं नाव मी घातलं नाही, पण शिवणखोलीत शेवटची गाठ कोण मारायचं हे अकोल्यात कोणाला माहीत नाही? एका शाळेनं नवी ऑर्डर थांबवली. कॅन्टीनमध्ये माझ्या पाठीमागं कोणी म्हणालं की हिनं मेलेल्या आईलाही सोडलं नाही.

मग उत्तरं यायला लागली. फोटो, आणि पाठोपाठ कुरिअरनं पुड्या. लाल खण, जांभळा खण, मोरपंखी. प्रत्येक विमानात, डाव्या पंखात, त्याच फासळीला, तीच गाठ. एका म्हाताऱ्या शिक्षकानं कळवलं की पुडी काढताना त्यांच्या मेकॅनिकनं आधी पायातले बूट काढले. कोरे खण आहेत, माय, सगळे. तुझ्या पोलक्याला काखेत ठिगळं असायची आणि तू विमानांना कोरे खण घेत होतीस. तोवर एकाही पुडीची गाठ सुटलेली निघाली नव्हती, आणि मला मालकांकडं जाऊन "तुमचं खरं होतं" म्हणावंसं वाटत होतं. पण एका ठिकाणचा फोटो वेगळा आला. तिथं पंखात उंदीर शिरला होता. खण कुरतडलेला, आणि तांदूळ सांडून विमान वळवणाऱ्या केबलच्या कप्पीत जाऊन बसलेले. आणखी थोडे दाणे अडकले असते तर केबल अडली असती. त्या विमानावर एक पोरगी शिकत होती, एकटीनं उडायला नुकतीच लागलेली. मी तिला फोन केला. ती आपली आनंदात सांगत होती की तिला खालची शेतं फार छान दिसतात. हे बरोबर नव्हतं, माय. तुझ्यावर कितीही जीव असला तरी सांगते, हे बरोबर नव्हतं. तुला तांदूळच का भरावेसे वाटले? नुसता खण बांधला असता तर चाललं नसतं का? मी टेबलाशी बसून तुझ्याशी असं मोठ्यानं भांडले, आणि शिपाई दार लोटून घेऊन निघून गेला.

राग मात्र याचा नव्हता. तो कशाचा आहे ते मला त्या रविवारी कळलं. दुपारी मी कपाटातून तुझी दुलई काढली, माझ्या लग्नात दिलेली, तू स्वतः भरून शिवलेली. माझी ओटी मामीनं भरली होती. तू स्वयंपाकघराच्या दारात होतीस, आणि मी पाया पडायला आले तर "आधी मामीच्या पड" म्हणून भाताचं पातेलं बघायला आत गेलीस. मी दुलईचे कोपरे चाचपले. एका कोपऱ्यात बारीकसं काहीतरी कडक लागलं. मी ब्लेड आणलं. शिवण उसवली. सरकी निघाली. पिंजणाऱ्याच्या हातून सुटलेली कापसाची एक बी. मग मी उरलेले कोपरेही उसवले, मग कडा, मग मधलं. खोलीभर कापूस झाला. तुझा जावई दारात येऊन म्हणाला, "आता दुलईला पण नोटीस काढली का?" मग त्यानं माझं तोंड बघितलं आणि चहा ठेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला काकूंकडं गेले. आता त्यांना कमी दिसतं, ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी विचारलं, तुम्हाला पुड्यांचं माहीत होतं? "आता म्या पलीकडूनच सुई देत होती ना वं. माहीत नाई त काय?" मग सांगितलं काहून नाही? "कोनाले सांगाव? तुले? तू तं तपासनीवाली." मी त्यांच्याजवळ बसले, थोड्या शेंगा सोलल्या. मग मला राहवलं नाही. म्हणाले, काकू, परक्यांच्या विमानांना तिनं ओटी भरली, मग माझी काहून नाही भरली? गुपचूप, एखाद्या कोपऱ्यात? काकूंचे हात थांबले. "म्या म्हनलं होतं तिले. तुह्या लग्नाच्या वक्ताले. म्हनलं, इमानाइले भरते, पोरीची बी भर ना, कोनाले दिसते? तं म्हने, इमान त काय लोखंड-कापडाचं. आपल्या हाताचं त्याले काय लागते? अन् लागलंच तं मालक दुसरं बनवते. माही पोट्टी एकच हाये."

येताना बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले. म्हणजे तू खरंच मानत होतीस ते. मला वाटायचं, तू लोकांना भिऊन मागं सरकतेस. पुडी सापडली तेव्हा वाटलं, तू कशालाच भीत नव्हतीस. आणि तुला तर तुझ्या स्वतःच्या हातांची भीती वाटत होती, माझ्यापुरती. ज्या हातांनी मला न्हाऊ घातलं, शिकवलं, त्यांनी माझं वाईट होईल असं तुला वाटत होतं. त्या शेडमागं तू मला ओरडलीस तेव्हा हे माझ्याशी बोलली असतीस तर मी तुझे हात धरून माझ्या डोक्यावर ठेवले असते. इतकं सोपं होतं ते.

उद्या उद्घाटन आहे. जुनं विमान उडणार नाही, पंख तसेच उघडे आहेत. नव्याची ओटी भरायला मालकीणबाईंनी मला सांगितलं, त्यांच्यानं आता उभं राहवत नाही. मी म्हणाले, भरते, पण कारखान्यातल्या सगळ्या बायका भरतील, कोणाचं कपाळ बघायचं नाही, आणि सुरुवात काकू करतील. काकूंचे यजमान मागच्याच वर्षी गेले. मालकीणबाई म्हणाल्या, "बरं." विमान निघायच्या आधी सीटवरचा दाणा न् दाणा मी स्वतः वेचून काढणार आहे, ते वेगळं.

पुड्या माझ्या ऑफिसच्या कपाटात आहेत, चौकशी संपेपर्यंत जपून ठेवायच्या असा नियम आहे. आज कुलूप लावायच्या आधी मी त्या एकेक करून हातात घेतल्या. मला सगळं समजतं, माय. तू माझं भलं बघितलंस, तुझ्या समजुतीनं सगळ्यात जास्त मला जपलंस, काकूंनी सांगितलेलं मी खोटं मानत नाही. ज्या बाईनं तुझ्याविरुद्ध पत्र काढलं, जिला लोक करडी म्हणतात, ती हे कोणाजवळ बोलायची नाही, तुझ्या जावयाजवळसुद्धा नाही. मला त्या विमानांचा हेवा वाटतो.